एका शरणुला दोन शरणु

पिरनवाडीच्या रस्त्यावर मोटारीतून साहेब उतरले की आपण ‘अहो, या’ म्हणतो. चपला शिवणाऱ्या वृद्धाला मात्र ‘अरे’ म्हणतो. वय तेच, बदलतो तो मान.

बाराव्या शतकात कल्याणात चर्मकार हरळय्यांनी ‘शरणु’ म्हटले, तेव्हा बिज्जळाचे मंत्री बसवण्णा ‘शरणु शरणार्थी’ असे दुप्पट वदले, अशी परंपरा आहे. जास्तीचा शरणु हरळय्यांना ऋण वाटला. ते फेडण्यासाठी त्यांनी व कल्याणम्मांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले.

मंत्रिपद नमस्काराच्या आड आले नाही. आपल्या गळ्यातही इष्टलिंग आहे. मग जिभेवर ‘अरे’ का यावे? उद्या त्या वृद्धाला आपणच प्रथम ‘शरणु’ म्हणावे.

शरणु शरणार्थी.