आधी वजन, मग वस्तू

हिवरे बाजार, ता. नगर

चि. सोनूस,


तुझी सामानाची यादी मिळाली. डिसेंबरात सायकलने इथून निघायचं, माळशेज घाट उतरायचा आणि किनाऱ्याच्या रस्त्याने गोवा गाठायचा, रात्री तंबूत काढायच्या, हा बेत मला मनापासून आवडला. तुझ्या आईची समजूत मी घालतो. पण यादीत एक उणीव आहे. वस्तू भरपूर लिहिल्या आहेस, त्यांचं वजन कुठेच नाही.

इथे पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात, हे तुला ठाऊक आहे. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे ते आधी मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरला बंदी आली. चर पुष्कळ गावांनी खोदले. हिवरे बाजारने हिशेबही धरून ठेवला, म्हणून अवर्षणातही गावाला पाणी पुरलं. तू सामान याच क्रमाने भर. आधी हद्द ठरव, मग वस्तू निवड.

पाणी आणि खाणं सोडून १२ किलो, ही तुझी हद्द. किनाऱ्याचा रस्ता नकाशात सपाट वाटतो, तसा तो नाही. दर खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे फेरीबोट सायकलसकट पलीकडे नेते, पण धक्क्यावरून वरचा चढ तुझा तुलाच काढायचा असतो. जास्तीचा प्रत्येक किलो तिथे मांड्यांना कळतो. तू वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण दिलंस. तिने २०१८ मध्ये सायकलने जगप्रदक्षिणा करताना १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर कापले, म्हणजे दिवसाला १८० च्या वर. तिचं जाणं विक्रमासाठी होतं. तू ५०–६० किलोमीटर जाऊन मुक्काम करणार आहेस. तिच्याकडून जिद्द घे, सामान तुझ्या मुक्कामाला लागेल तेवढंच घे.

ताणकाटा मिळव. सगळं सामान ओसरीवर मांड आणि एकेक वस्तू त्याला लावून वजन वहीत लिही. तंबू, अंथरूण आणि पांघरूण मिळून ४ किलोंत बसव. आपल्या पठारावर डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, कोकणात मात्र उकडतं. म्हणून जाड स्लीपिंग बॅग नको. पातळ घे, आणि इथल्या थंडीसाठी स्वेटर, कानटोपी, पायमोजे. कपडे दोन जोड पुरेत, एक अंगावर आणि एक वाळत. स्टोव्ह आणि भांडी काढून टाक. या वाटेवर गावोगावी जेवण मिळतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि खारीक एवढं जवळ असलं की एक वेळ निभावते. पाण्यात मात्र काटकसर नको. घाटाआधी तीन लिटर भरलेलं हवं, म्हणजे आणखी तीन किलो आले, हे धरून चाल.

आता लादण्याविषयी. जड वस्तू मागच्या पॅनिअरमध्ये तळाला, चाकाच्या आसाजवळ ठेव. दोन्ही बाजूंचं वजन सारखं कर, नाहीतर उतारावर हँडल थरथरतं. कॅरिअरवर उंच बोचकं रचू नकोस. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून खोच, ती चाकाच्या तारांत अडकली तर चाक जागीच थांबतं. कॅरिअरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर सैल होतात. रोज संध्याकाळी तंबू लावायच्या आधी अ‍ॅलन कीने ते आवळ, आणि दोन जास्तीचे बोल्ट जवळ ठेव.

आपल्या भागातलं खरं संकट म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. ट्यूब बदलून लगेच हवा भरशील तर ती पुन्हा बसेल, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. बाहेरून ते दिसत नाही. टायरच्या आतून जुनं फडकं हळूहळू फिरव. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. चिमट्याने उपट, पुन्हा एकदा फडकं फिरव, मगच ट्यूब घाल. तुझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक आहे, खेड्यातल्या दुकानातल्या हवेच्या नळीला तो बसत नाही. त्याचा अडॅप्टर छोटासाच असतो, पंपाच्या पिशवीत टाक. तुझ्या मापाची ट्यूब वाटेत सहजी मिळणार नाही, म्हणून दोन घे. मागच्या चाकाच्या चेनकडच्या तारा आधी तुटतात. त्याच लांबीच्या तीन तारा चिकटपट्टीने सांगाड्याला बांधून ठेव. चेनची जोडकडी, ब्रेकचे पॅड आणि एक केबलही हवी. माळशेज उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस. दाब, सोड, पुन्हा दाब.

ही सगळी दुरुस्ती घरी स्वतःच्या हाताने करून पाहा. जे वापरता येत नाही ते हत्यार म्हणजे नुसतं ओझं. तंबूही एकदा अंधारात, टॉर्चच्या उजेडात लावून पाहा. मुक्कामाला दिवस मावळायच्या आधी गावात पोच आणि सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना विचारूनच तंबू ठोक. शाळेचं आवार, देवळाचा सभामंडप मिळाला तर उत्तमच. ओढ्याच्या पात्रात कधीही झोपू नकोस.

निघण्याच्या आठवडाभर आधी इकडे ये. सगळं लादून भाळवणीवरून टाकळी ढोकेश्वरला जा, तिथे रात्र काढ आणि परत ये. परतल्यावर पिशव्या उघड. ज्या वस्तूला हात लागला नाही ती माझ्याकडे ठेवून जा. औषधं, पंक्चरचं सामान आणि मागचा लाल दिवा यांना मात्र ही कात्री लावू नकोस, ते नेमके न लागलेल्या दिवसांनंतरच लागतात.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा