घरकुल आणि गृहिणी

ग्रामीण गृहनिर्माणाचा आढावा घेताना बांधलेल्या घरांची संख्या मोजली जाते. त्या घरात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला काय लाभले, याची नोंद क्वचितच होते.

१९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घरकुल पत्नीच्या अथवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्याचे धोरण होते. घराला शौचालय व निर्धूर चूल असावी, हीही अपेक्षा होती. २०१६ मध्ये या योजनेचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये झाले. त्या वेळी सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये साहाय्य आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले.

या तरतुदींचा स्त्रीच्या स्वास्थ्याशी निकटचा संबंध आहे. धूर घटला की डोळ्यांना व फुफ्फुसांना होणारा त्रास कमी होतो. शौचालय जवळ असले की अंधार पडण्याची वाट पाहावी लागत नाही. पक्क्या छपरामुळे दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची विवंचना मिटते. घर तिच्याही नावे असल्यास तिला घराबाहेर काढणे सोपे राहत नाही.

तथापि मंजुरीपत्रावर नाव आले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तिची नोंद झाली काय? हप्त्याची रक्कम तिला ठाऊक असते काय? चूल व न्हाणीची जागा तिला विचारून ठरली काय? प्रत्येक घरकुलाच्या पाहणीत पंचायत सदस्यांनी हे तीन प्रश्न खुद्द गृहिणीलाच विचारावेत.