दोन कीपरांतला एक

चिंचवड
25 ऑक्टोबर 2025

चि. बाळ यास,


भाऊबीजेला तुमच्याकडे वाकडला आलो, ताईने ओवाळलं आणि मी पाटावरून उठतो न उठतो तोच तू फोनवरचा तुझा तक्ता पुढे केलास, “मामा, संजू की जितेश?” घरात पाहुणे होते, म्हणून मी “कळवतो” एवढंच म्हणालो. पण तू मनापासून विचारलं होतंस. फोनवर सांगितलं तर तू निम्मं ऐकशील आणि निम्मं भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये हरवेल, म्हणून लिहूनच काढतो.

तुमच्या ऑफिसच्या फँटसी क्रिकेट लीगमध्ये विकेटकीपर एकच घेता येतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या पाच टी-ट्वेंटींत मिळून दोनच बदल करता येतात. धावेला 1 गुण, झेलाला 8, स्टंपिंगला 12. कॅप्टनचे गुण दुप्पट. हे सगळं लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

कंपनीत असताना मी आंतर-कंपनी सामन्यांचं स्कोअरिंग करायचो, हे तुला माहीत आहे. स्कोअरबुकात प्रत्येक फलंदाजाची एक ओळ असते. सलामीवाल्याची ओळ ठिपक्यांनी, आकड्यांनी भरून शेजारच्या रकान्यात घुसते. सातव्या क्रमांकाच्या ओळीत कित्येकदा दोन ठिपके, एक चौकार आणि पुढे कोरा कागद. तो सातव्या क्रमांकाचा गडी कदाचित संघातला सगळ्यात जोरकस फटके मारणारा असेल, पण त्याच्या वाट्याला चेंडूच आले नाहीत. तेव्हा नाव बाजूला ठेव आणि आधी हे बघ की या माणसाला खेळायला किती चेंडू मिळणार आहेत. मग तो कसा खेळतो ते बघ. तुम्ही मुलं नेमकं उलट करता.

संजू सॅमसनचंच घे. गेल्या वर्षी तो सलामीला यायचा. ऑक्टोबरमध्ये हैदराबादला बांगलादेशविरुद्ध 47 चेंडूंत 111, मग नोव्हेंबरमध्ये डर्बनला 107, त्यानंतर लागोपाठ दोन शून्यं आणि मग जोहान्सबर्गला नाबाद 109. पाच डावांत तीन शतकं. मग या वर्षी आशिया कपच्या आधी शुभमन गिल टी-ट्वेंटीत परतला, उपकर्णधार झाला, अभिषेक शर्माबरोबर सलामीला गेला आणि संजू खाली सरकला. परिणाम काय झाला? यूएईविरुद्ध फलंदाजी नाही, पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या सामन्यात नाही, आणि बांगलादेशविरुद्ध तर सहा गडी बाद होऊनही त्याला पाठवलं नाही. ओमानविरुद्ध तिसऱ्या क्रमांकावर आला तेव्हा 56 केल्या. माणूस तोच, बॅट तीच, फक्त क्रमांक बदलला. तुझ्या तक्त्यात त्याच्या नावासमोर शतकं लिहिली आहेस, ती सलामीवाल्या संजूची आहेत. त्यांच्या जोरावर पाचव्या क्रमांकाचा संजू विकत घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट गोलंदाजीची. 31 जानेवारीला आपण दोघं गहुंज्याला इंग्लंडविरुद्धची टी-ट्वेंटी बघायला गेलो होतो. साकिब महमूदची ती ओव्हर आठव. आखूड चेंडू, संजूने ओढला आणि सीमारेषेजवळ झेल. पुढच्याच चेंडूवर तिलक, आणि त्याच ओव्हरमध्ये सूर्याही. तीन गडी आणि धाव एकही नाही! आपल्या मागच्या रांगेतलं ढोलकं एकदम गप्प झालं होतं. नंतर दुबे आणि हार्दिकने सावरलं, आपण सामना जिंकलो, आणि परत येताना गाडीत तू फक्त दुबेबद्दल बोलत होतास. माझ्या डोक्यात संजूचा तो पुल राहिला. त्या मालिकेत पाच डावांत त्याच्या मिळून 51 धावा झाल्या, आणि पाचही वेळा तो वेगवान गोलंदाजीवर बाद झाला, बहुतेकदा असाच आखूड चेंडू मारायला जाऊन. ऑस्ट्रेलियात चेंडू उसळणार, समोर हेझलवूड असणार. म्हणून संजू घेतलास तरी त्याला कॅप्टन करायचं नाही, हे मी ठामपणे सांगतो.

आता दुसरा कीपर, जितेश. अमरावतीचा मुलगा, विदर्भाकडून घडलेला. मन त्याच्याकडे ओढ घेतं, माझंही घेतं. 27 मेची लखनौची रात्र कोण विसरेल? 228 चं लक्ष्य, चार गडी गेलेले, त्या दिवशी बंगळुरूचं नेतृत्वही त्याच्याकडे, आणि पठ्ठ्याने 33 चेंडूंत नाबाद 85 ठोकून सामना आठ चेंडू राखून संपवला. पुढच्या मंगळवारी त्यांच्या हातात आयपीएलचा करंडक होता. पण त्या रात्रीतलं एक बघ. 228 चा पाठलाग असताना चौथा गडी बाद होतो तेव्हाही निम्मं काम शिल्लक असतं, म्हणून त्याला 33 चेंडू मिळाले. भारतीय संघात तो येणार सहाव्या-सातव्या क्रमांकावर. तिथे एरवी आठ-दहा चेंडू मिळतात. त्यात तो 20-25 करील, सामना फिरवील, टीव्हीवर त्याचं कौतुक होईल. तुझ्या तक्त्यात मात्र वीसच गुण पडतील. शिवाय आशिया कपमध्ये तो बाहेरच बसला होता. जो अकरात नाही त्याचे गुण शून्य, मग तो कितीही आवडता असो.

तू म्हणालास की तुझे डॅलसचे क्लायंट अशीच लीग त्यांच्या अमेरिकन फुटबॉलवर खेळतात आणि ‘टाइट एंड’ निवडताना दर आठवड्याला डोकं खाजवतात. मी त्याविषयी वाचलं. हा फँटसी लीगचा खेळ 1962 साली ओकलंडच्या संघातले एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केला. टाइट एंडला दोन कामं असतात: समोरच्याला अंगावर घेऊन अडवायचं आणि फेकलेला चेंडू झेलून पळायचं. अडवण्याला गुण नाहीत, झेलण्याला आहेत. म्हणून तिथले जाणते आधी एकच आकडा बघतात, या माणसाकडे सामन्यात किती वेळा चेंडू फेकला जातो. आपल्या कीपरचंही हेच आहे. फिरकीला स्टंपाला खेटून उभं राहून वरुण चक्रवर्तीचा चेंडू स्वच्छ गोळा करणं ही फार मोठी कला आहे, पण तिला गुण नाहीत. बॅटची कड लागली आणि झेल घेतला तरच आठ. तुझ्या क्लायंटला हे सांगून बघ, तो लगेच समजेल.

तर माझं उत्तर असं. बुधवारी कॅनबेराला सुरुवात संजूने कर. तो संघातला चालू कीपर आहे, ग्लोव्हज त्याच्याकडे असण्याचा संभव जास्त, आणि उसळत्या पिचवर बुमराहच्या चेंडूंना कडा लागणार. दोन झेल म्हणजे 16 गुण, एकही चेंडू न खेळता. मात्र तुझ्या दोन बदलांपैकी एक कीपरसाठी राखून ठेव, तो दुसऱ्या कोणासाठी खर्च करायचा नाही. सामना पावणेदोनला, नाणेफेक सव्वाला. तेव्हा तू कँटीनमध्येच असतोस, अकरांची यादी बघ. जितेश आत आला की त्याच दिवशी बदल कर, एक सामना ‘बघू या’ म्हणून घालवू नकोस. आणि संजू अकरात राहूनही दोन सामने पाचव्याच्याही खाली गेला, तर तिसऱ्याची वाट पाहू नकोस. एवढं ठरवून घेतलंस की मग संजू पहिल्या चेंडूवर बाद झाला तरी तुझा निर्णय चुकला असं समजायचं नाही. पाच डावांत तीन शतकं करणाऱ्यालाही त्याच पाचांत दोनदा भोपळा फोडता आला नाही.

राहिला पैशाचा विषय. तुमच्या ग्रुपवर कोणी तरी प्रत्येकी हजार रुपये काढायचं सुचवलंय, असं ताई काळजीने म्हणाली. तू त्यात पडू नकोस, आणि बाकीच्यांनाही समजावून सांग. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ड्रीम इलेव्हन ॲपने पैसे लावायच्या स्पर्धा बंद केल्या, भारतीय संघ आशिया कपला छातीवर प्रायोजक नसलेल्या जर्सीत खेळला, हे तू बघितलंस. त्याच्याही आधीची, आपल्या इथलीच गोष्ट तुला सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांतल्या एका उपनिरीक्षकाने अशाच ॲपवर दीड कोटी जिंकले. पेढे वाटले गेले, मुलाखती झाल्या आणि आठवड्याभरात त्यांचं निलंबन झालं. त्या दिवसांत चिंचवडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोरं संघ लावत बसलेली मी पाहिली आहेत. दीड कोटी सगळ्यांना दिसले. रोज पन्नास-पन्नास रुपये घालवणाऱ्यांची बातमी कोणी छापली नाही. आणि पैसे आले की खेळाचीही मजा जाते. पहिल्या दोन सामन्यांत मागे पडलेला मुलगा हजार रुपये वसूल करायला तिसऱ्यात वाटेल ते बदल करतो. मग चेंडू मोजणं, क्रम बघणं सगळं सुटतं. हरणाऱ्याने शुक्रवारी सगळ्यांना मिसळ द्यावी, एवढीच पैज ठेवा.

तुझा तक्ता मला मेलवर पाठव, मंगळवारी रात्री बघून ठेवतो. त्यात प्रत्येक फलंदाजापुढे गेल्या दहा डावांत तो कितव्या क्रमांकावर आला आणि किती चेंडू खेळला, असे दोन रकाने वाढव. ताईला सांग, चकल्यांचा डबा रिकामा झाला आहे, रविवारी घेऊन येतो.

तुझा,
मामा