जुन्या संगणकावर लिनक्स : आधी चालवून पाहा, मग बसवा



शाळेत किंवा घरी एखादा जुना संगणक पडून असेलच. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या संगणकांवर बहुधा चालत नाही. मग तो भंगारात द्यायचा का? थांबा. त्यावर लिनक्स चालू शकतं.

लिनक्स म्हणजे काय?
फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. त्यावर उबुंटू, लिनक्स मिंट अशा पूर्ण प्रणाली तयार झाल्या. त्या मोफत आहेत आणि कॉपी करून दुसऱ्याला दिल्या तरी चालतं. नवख्यांसाठी मिंट सोपी, कारण तिचा मेन्यू विंडोजसारखाच खाली डावीकडे असतो. ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

माझी चूक
पहिल्या वेळी मी घाईत 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला. चार वर्षांच्या चाचणी पत्रिका एका क्लिकमध्ये गेल्या! ज्यांच्या प्रिंट होत्या, तेवढ्या पुन्हा टाइप केल्या. तुमचं असं होऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

१. सगळ्या फाइल्स दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर कॉपी करा आणि त्या उघडतात का ते पाहा.
२. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. रुफस वापरून ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर टाका. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.
३. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी बहुतेक वेळा एफ१२, एफ२ किंवा एस्केप बटण दाबावं लागतं.
४. मिंट न बसवताच चालू होईल. वायफाय, आवाज, प्रिंटर, प्रोजेक्टर तपासा. दोन-तीन दिवस असंच वापरा. इन्स्टॉल केलं नाही, तर जुनी विंडोज जशीच्या तशी राहते.
५. सगळं जमलं की मगच इन्स्टॉल करा.

मराठीचं काय?
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडता येतो. युनिकोडमधल्या वर्ड फाइल्स लिबरऑफिसमध्ये उघडतात, फक्त कधीकधी तक्ते थोडे हलतात. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसेल तर भलत्याच अक्षरांत दिसतो. तो आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मुलांना जमेल का?
केरळमधल्या शाळांत मुलं अनेक वर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. माझ्या तिसरीच्या वर्गाने तर एकच प्रश्न विचारला, "मॅडम, यात पेंट कुठंय?" टक्स पेंट उघडून दिलं, विषय संपला. अडखळतो ते आपण मोठेच!

तेव्हा या सुट्टीत तो जुना संगणक बाहेर काढा, धूळ पुसा आणि पेनड्राइव्ह लावून बघा. फक्त आधी फाइल्स कॉपी करायला विसरू नका.