पेटीची किल्ली पेटीत!
घरातील संगणक-जाळ्याचा दोष कसा शोधावा?

समजा, तुमच्या घरी संध्याकाळी अचानक वीज गेली. दहा मिनिटांनी ती परत आली. दिवे लागले, पंखे फिरू लागले. मोबाइलवर वाय-फायच्या सर्व रेघा दिसू लागल्या. पण एकही पान उघडेना! उद्या परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख आहे. घरातील सर्व छायाचित्रे ज्या सर्व्हरवर ठेवली आहेत, तो सर्व्हरही मोबाइलवर दिसत नाही. आजोबांची तर तेवढीच छायाचित्रे शिल्लक आहेत. अशा वेळी तुम्ही काय कराल?

बहुतेक जण एकच उपाय करतात. सगळी बटणे बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. कधी कधी याने काम भागते. पण दोष कोठे होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तो पुन्हा येतो. शिवाय सर्व्हर चकतीवर काही लिहीत असतानाच त्याची वीज तोडली, तर साठवलेली माहिती बिघडण्याचा धोका असतो. तेव्हा बटणाला हात लावण्यापूर्वी थोडा विचार करू या. अर्जाची घाई असेल तर तो मोबाइलच्या स्वतःच्या डेटावरून भरून टाका. घाईचे काम आणि दुरुस्तीचे काम यांची गल्लत करू नये.

एका डब्यात दोन यंत्रे

प्रथम आपल्या घरातील रचना समजावून घेऊ. समजा, तुमच्या ताईने एका लहानशा संगणकावर दोन कामे सोपवली आहेत. पहिले काम फायरवॉलचे. जुन्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसत असे. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे तो ठरवी. फायरवॉल हे काम माहितीच्या बाबतीत करते. घरातील प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देण्याचे कामही ताईने तिच्याकडेच दिले आहे. दुसरे काम सर्व्हरचे, म्हणजे छायाचित्रे व फाइली सांभाळण्याचे.

ही दोन कामे करणारी दोन वेगळी यंत्रे मात्र घरात दिसत नाहीत. संगणक एकच, पण त्यावर हायपरवायझर नावाची आज्ञावली चालते. ती संगणकाची स्मृती, त्याचा प्रोसेसर आणि साठवणीची जागा यांची वाटणी करते आणि प्रत्येक वाटेकऱ्याला असे भासवते, की जणू एक संपूर्ण संगणक त्याच्याच मालकीचा आहे. अशा वाटेकऱ्याला आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना नवी नाही बरे का! अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी १९६७ साली अशी व्यवस्था प्रत्यक्ष वापरात आणली होती. तेव्हा संगणक फार महाग होते आणि एकाच संगणकावर अनेकांना स्वतंत्रपणे काम करता यावे, हा हेतू होता.

आता माहितीचा मार्ग कागदावर काढा. लॅपटॉपपासून निघालेला संदेश क्रमाने या आठ ठिकाणांवर अवलंबून असतो :

१. लॅपटॉप
२. वाय-फायची पेटी
३. तारा जोडणारा स्विच
४. ताईचा लहान संगणक व त्यावरील हायपरवायझर
५. त्याच्या आतील आभासी फायरवॉल
६. इंटरनेट कंपनीची पेटी
७. बाहेरचे जग
८. नावांवरून पत्ते शोधून देणारी नामसेवा

वाय-फायच्या पूर्ण रेघा दिसल्या, याचा अर्थ एवढाच, की पहिल्या दोन कड्या जुळल्या आहेत. पुढच्या सहा कड्यांविषयी त्या रेघा काहीच सांगत नाहीत!

निम्म्यावर घाव

आठ कड्यांपैकी एक तुटली आहे. ती शोधायला किती चाचण्या लागतील? एकेक कडी क्रमाने तपासली, तर सात चाचण्यांपर्यंत पाळी येऊ शकते. पण आपण मधोमध चाचणी घेतली तर? चौथ्या कडीपर्यंत सर्व ठीक असेल, तर दोष उरलेल्या चारांत. त्या चारांची पुन्हा मधोमध चाचणी घेतली, की उरतात दोन. तिसऱ्या चाचणीत एक. दोनाचा तिसरा घात आठ, म्हणून तीन चाचण्या पुरे. मात्र एक अट आहे. तुटलेली कडी एकच असली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

चाचणीचे साधन अगदी साधे आहे. त्याचे नाव पिंग. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये, जाळ्यातील एक दोष शोधण्यासाठीच ही छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधताना ध्वनिलहर सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या ध्वनीवरून त्यांनी हे नाव घेतले. पिंग एका पत्त्यावर छोटा संदेश पाठवते आणि उत्तर किती वेळात आले, ते सांगते.

पहिला दोष

पिंग करण्यापूर्वी लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पाहू. एरवी तो १९२.१६८.१ ने सुरू होतो. आज तो १६९.२५४ ने सुरू झालेला दिसतो. हा महत्त्वाचा पुरावा आहे! लॅपटॉपने ‘मला पत्ता कोणी देता का?’ असे विचारले आणि कोणीच उत्तर दिले नाही, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेतो. म्हणजे पत्ते वाटणाऱ्या फायरवॉलपर्यंत आपला आवाज पोचत नाही, किंवा ती झोपली आहे.

आता लॅपटॉपला हाताने पत्ता द्या : १९२.१६८.१.५०. हा पत्ता घरातील दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा नसावा. मग पिंग करत चला आणि निकाल वहीत लिहा.

हायपरवायझर, १९२.१६८.१.५ : उत्तर आले.
सर्व्हर, १९२.१६८.१.२० : उत्तर आले.
फायरवॉल, १९२.१६८.१.१ : उत्तर नाही.

पाहा, पहिल्याच पिंगने चार कड्या निर्दोष ठरल्या. दुसऱ्या पिंगने छायाचित्रांविषयीची धाकधूक बरीच कमी झाली. सर्व्हर जागा आहे. लॅपटॉपवर त्याचा संख्या-पत्ता टाकला, तर आजोबा डोळ्यांसमोर दिसतीलही. सर्व्हर बिघडला नव्हता, मोबाइलजवळ योग्य पत्ता नव्हता म्हणून तो दिसत नव्हता. आणि तिसऱ्या पिंगने संशय पाचव्या कडीवर आणून ठेवला. येथे एक सावधगिरी हवी. काही फायरवॉल पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. आपली फायरवॉल काल उत्तर देत होती का, हे माहीत असेल तरच आजच्या मौनाला अर्थ आहे. म्हणून सर्व सुरळीत असतानाचे निकाल आधीच लिहून ठेवावेत.

आता ताईला बोलवा आणि तिच्यासमवेत ब्राउझरमध्ये हायपरवायझरचे नियंत्रण-पान उघडा. तेथे दिसते : सर्व्हर चालू, फायरवॉल बंद. खाली घडलेल्या गोष्टींची नोंद आहे. वीज आल्यावर हायपरवायझरने प्रथम फायरवॉल सुरू करण्याचा प्रयत्न केला. पण तिची आभासी चकती सापडली नाही, म्हणून तो सोडून दिला. त्यानंतर सर्व्हर सुरू झाला. सर्व नोंदींवर तारीख आहे, ती मात्र दोन वर्षांपूर्वीची.

चकती का सापडली नाही? जागा भरपूर म्हणून ताईने फायरवॉलची आभासी चकती सर्व्हरच्या मोठ्या साठ्यात ठेवली होती. फायरवॉल सुरू व्हायला सर्व्हर हवा. पण सुरुवातीचा मान फायरवॉलला! पेटीची किल्ली पेटीतच राहिली, नाही का? सहा महिने हा दोष कोणाला दिसला नाही, कारण सहा महिन्यांत संगणक एकदाही बंद झाला नव्हता. दोष आज निर्माण झाला नाही, आज फक्त उघडकीस आला.

आता सर्व्हर चालू आहे, म्हणून फायरवॉल हाताने सुरू करता येते. ताईने कळ दाबली. फायरवॉलने पिंगला उत्तर दिले. लॅपटॉपला पुन्हा आपोआप पत्ता घ्यायला सांगितले, १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळाला. झाले काम!

पण पान उघडत नाही!

ब्राउझर अजूनही म्हणतो, की असे स्थळ सापडत नाही. पूर्वीची अट आठवते ना? तुटलेली कडी एकच असली पाहिजे. आज तशा दोन होत्या. पहिल्या दोषाने दुसरा झाकून टाकला होता. अशा वेळी गोंधळून जाऊन पहिली दुरुस्ती उलटवू नये. वहीचे नवे पान घ्यावे आणि पुन्हा चाचणी करावी.

१.१.१.१ या बाहेरच्या सार्वजनिक पत्त्यावर पिंग करा. उत्तर आले! म्हणजे सातव्या कडीपर्यंत मार्ग मोकळा. उरली आठवी कडी, नामसेवा. आपण नावे लक्षात ठेवतो, संगणकांना मात्र संख्या लागतात. नावावरून संख्या शोधण्याची पद्धत १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. तुमच्या घरी हे काम फायरवॉलच करते. पण ती पत्ता का देत नाही?

नोंदींवरच्या तारखेकडे तुमचे लक्ष गेले होते का? खोट्या उत्तरांनी कोणी फसवू नये, म्हणून नामसेवेच्या उत्तरांवर सांकेतिक सही करतात. सर्वांत वरच्या पातळीवर अशी सही २०१० सालापासून होते. प्रत्येक सहीला मुदत असते : अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. आपल्या फायरवॉलचे घड्याळ दोन वर्षे मागे आहे. तिला वाटते, या सहीची मुदत अजून सुरूच झालेली नाही! ती प्रामाणिक पहारेकरी असल्यामुळे खरे उत्तरही नाकारते.

घड्याळ मागे का पडले? वीज नसताना संगणकाचे घड्याळ आतल्या एका नाण्याएवढ्या विद्युत्घटावर चालते. त्याचे नाव बहुधा सीआर२०३२ असते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. हा घट ३ व्होल्टचा असतो. ताईच्या संगणकातील घट संपला होता. मग इंटरनेटवरून खरी वेळ का घेतली नाही? कारण वेळ सांगणाऱ्या सेवेचे नाव लिहून ठेवले होते, पत्ता नव्हे. वेळ हवी तर नाव उलगडले पाहिजे, आणि नाव उलगडायला बरोबर वेळ हवी. पुन्हा किल्ली पेटीतच!

मनगटावरील घड्याळ पाहून ताईने हायपरवायझरची तारीख व वेळ नीट लावली आणि फायरवॉल पुन्हा सुरू केली. आता पान उघडले.

कायमचा उपाय

येथेच थांबला तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर सारे पुन्हा घडेल. म्हणून :

१. फायरवॉलची आभासी चकती हायपरवायझरच्या स्वतःच्या चकतीवर हलवा.
२. आधी फायरवॉल, थोड्या वेळाने सर्व्हर, असा क्रम ठरवून द्या.
३. हायपरवायझर व सर्व्हर यांचे पत्ते कायमचे नेमून द्या, म्हणजे फायरवॉल झोपली असली तरी ते सापडतील.
४. संगणकाचा वीजपुरवठा काढून मोठ्या माणसाकडून घट बदलून घ्या. वेळसेवेचा एक पत्ता संख्येत लिहून ठेवा.
५. पत्ते, नकाशा आणि दुरुस्तीच्या पायऱ्या कागदावर लिहा. त्या सर्व्हरवरच ठेवल्या तर तिसरी किल्ली तिसऱ्या पेटीत जाईल!
६. छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या चकतीवर काढून ती वेगळ्या जागी ठेवा.

शेवटी सवडीच्या दिवशी सर्व यंत्रे रीतसर बंद करून पुन्हा चालू करून पाहा. कोणी हात न लावता सगळे सुरू झाले, तरच दुरुस्ती पुरी झाली असे समजावे.

आणि एक मोह टाळा. फायरवॉल अडवते म्हणून लॅपटॉप थेट इंटरनेट कंपनीच्या पेटीला जोडू नका. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखे ते होईल.

करून पाहा

घरातील मोठ्यांना विचारून स्वतःच्या घरच्या जाळ्याचा नकाशा काढा. आठवडाभर रोज एका ठरावीक वेळी आपल्या राउटरला व एका बाहेरच्या पत्त्याला पिंग करा आणि लागलेला वेळ तक्त्यात मांडा. वाय-फाय व तार यांत काही फरक दिसतो का?

आता थोडे गणित. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तर पिंगचे उत्तर येण्यास कमीत कमी किती वेळ लागेल? जाऊन-येऊन १४,४०० किलोमीटर, म्हणजे ७२ सहस्रांश सेकंद. कितीही महाग जोडणी घेतली तरी काचतंतूतून याहून लवकर उत्तर येणार नाही. पिंगचा आकडा मोठा दिसला म्हणजे दोष आहेच असे नव्हे. कधी कधी ते नुसते अंतर असते.

आणि हा प्रश्न तुमच्यासाठी : साखळीत आठऐवजी बत्तीस कड्या असतील आणि त्यांतील एकच तुटली असेल, तर निम्म्यावर घाव घालत किती चाचण्यांत ती सापडेल? उत्तर काढल्यावर आपल्या घरातील इतर व्यवस्थांकडेही याच नजरेने पाहा. विजेरीचे जादा सेल अंधारात कोठे शोधावे लागतात? मोबाइल हरवला, तर जवळच्या माणसांचे क्रमांक कोठे लिहिलेले आहेत? कोणती किल्ली कोणत्या पेटीत आहे, हे दिवे लागलेले असतानाच पाहून ठेवलेले बरे!