मोरपीस आणि गजमोती : निसर्गरूप अलंकारांचा अर्थ

हालाच्या गाथासप्तशतीत एका व्याधाच्या धाकट्या बायकोचे चित्र आहे. तिच्या सवतींनी गजमोत्यांचे अलंकार घातले आहेत. हिच्या कानावर मात्र एक साधे मोरपीस. आणि त्या सगळ्या मोत्यांच्या मधून ही मोठ्या ऐटीने मिरवते आहे! गाथा एवढीच. महाराष्ट्री प्राकृतातील, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेतील, या दोन ओळी काश्मीरच्या आनंदवर्धनाला नवव्या शतकात इतक्या आवडल्या की त्याने ‘ध्वन्यालोका’त त्या उदाहरण म्हणून घेतल्या.

ऐट कशाची? हत्तीच्या गंडस्थळात मोती असतो असा कविसंकेत आहे. सवतींच्या काळात नवरा रानोमाळ हिंडून हत्ती मारीत होता, कारण त्याला घरी ओढ नव्हती. आता तो हिच्यात इतका गुंतला आहे की लांबच्या शिकारीला त्याचे पाऊलच उचलत नाही. दाराजवळचा एखादा मोर मारून तो परततो. म्हणून मोत्यांपेक्षा पीस भारी ठरले. सोनाराच्या तराजूत ज्याचे वजन भरणार नाही अशा वस्तूने सगळ्या मोत्यांवर मात केली, आणि हे गाथेत कोठेही सांगितलेले नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्वनी हा शब्द परीक्षेपुरता पाठ केलेला असतो; तो कानात घालता येतो हे या गाथेवरून कळते.

निसर्गातील वस्तू अंगावर घालणे हे दागिन्याचे मूळ रूप असावे, अशी साक्ष भाषाही देते. पाणिनीने कान आणि कपाळ यांवरून अलंकाराची नावे कशी होतात याचे सूत्रच दिले आहे. त्यातून ‘कर्णिका’ शब्द सिद्ध होतो. कर्णिका म्हणजे कानातला अलंकार, आणि कर्णिका म्हणजे कमळाच्या मध्यभागी असणारा बीजकोशही. आपले ‘कर्णफूल’ हेच सांगते. फूल कोमेजते म्हणून माणसाने ते धातूत करून घेतले, पण नाव बदलले नाही.

कालिदासाने तर फुलांच्या अलंकारांचे एक कॅलेंडरच लिहून ठेवले आहे. ‘मेघदूता’तील अलकेच्या स्त्रियांच्या हातात कमळ, केसांत कुंद, चेहऱ्यावर लोध्राचे पराग, अंबाड्यात कुरबक, कानात शिरीष आणि भांगात कदंब आहे. ही फुले एका ऋतूत फुलत नाहीत. कमळ शरदाचे, कुंद हेमंताचे, लोध्र शिशिराचे, कुरबक वसंताचे, शिरीष ग्रीष्माचे आणि कदंब पावसाळ्याचा. सहाही ऋतू एका वेळी नांदतात अशी ती नगरी आहे, हे कवीने केवळ वेशभूषेतून सांगितले. उलट ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो आणि त्यात काय राहिले ते आठवतो. त्याला आठवते ते कानातले शिरीषाचे फूल आणि गळ्यातला कमळतंतूंचा सर. आपण दिलेली राजमुद्रेची अंगठी पाहून त्याला तिची ओळख पटली. पण चित्र पुरे व्हायला त्याला फूलच हवे होते.

आता आपल्याकडे वळू. मराठी दागिन्यांची नावे वाचताना एक गंमत जाणवते. बकुळीहार सोडला तर त्यांत बागेपेक्षा शेतच जास्त आहे. जोंधळी पोत ज्वारीच्या दाण्यांची, जवमणी जवाचे, पोहेहार पोह्यांचा, बोरमाळ बांधावरच्या बोरांची. पायाच्या बोटात मासोळी. संस्कृत कवीची नायिका उपवनात उभी असते. आपली खळ्यावर किंवा विहिरीच्या काठावर. ज्या प्रदेशात पाऊस रुसला की ज्वारीचा दाणा सोन्यासारखाच जपावा लागतो, तेथे सोन्याचा दाणा ज्वारीसारखा घडवला गेला, यात मला मोठे काव्य दिसते. दुष्काळाच्या वर्षी हीच पोत सावकाराकडे जाऊन दाणे घेऊन येई हेही विसरता येत नाही.

बोरमाळेतले मणी भरीव नसतात. पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून आत लाख भरतात. म्हणून थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसतो. हे काम मऊ सोन्यातच चांगले उतरते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा अनेक कारागिरांच्या हातचे काम गेले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला खरा; पण मधल्या काळात धंदा सोडलेल्यांचे सगळे हात परत आले असतील असे वाटत नाही.

कोल्हापुरी साज हा या सगळ्यांचा मुकुटमणी. जवमण्यांच्या मधून मधून पानडी ओवलेली असतात. पूर्ण साजात एकवीस पानडी : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक माणकाचे, एक पाचूचे आणि एक ताईत, अशी परंपरागत मोजणी सांगतात. मासा, कासव, शंख, कमळ, बेलपान, चंद्र, भुंगा असे आकार त्यांत दिसतात. मासा म्हणजे मत्स्यावतार आणि कासव म्हणजे कूर्म हे खरेच. पण पंचगंगेकाठच्या बाईने ते आधी नदीत पाहिलेले असतात. साज वाचायचा असतो. म्हणून त्याला मोकळी जागा लागते.

येथे ‘कसे घालावे’ हा प्रश्न येतो. लग्नसमारंभात साज, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ आणि त्यावर मंगळसूत्र अशी गर्दी झाली की एकही दागिना दिसत नाही. दिसतो तो फक्त ऐवज. एका वेळी एकाच दागिन्याला बोलू द्यावे. साज साध्या, एकरंगी पोलक्यावर खुलतो. जोंधळी पोत सुती लुगड्याची मैत्रीण आहे. जरीच्या चकाकीत तिचे दाणे हरवतात. मोत्यांच्या कुड्या हे मुळात फूलच. एका मोत्याभोवती तेवढ्याच आकाराचे सहा मोती नेमके बसतात, ही भूमितीची किमया. तेव्हा कानात कुड्या असतील तर केसांत खरे फूल एखादेच पुरे. बकुळीहार घालायचा तर बकुळ माहीत असावी : दिसायला किरकोळ, पण सुकल्यावरही वास न सोडणारी. कोणाची आठवण म्हणून काही द्यायचे असेल तर हे रूप अर्थपूर्ण आहे, मग ते चांदीत असो वा पितळेत. आणि लाखेची बोरमाळ उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, दोरा विरला की तुटायची वाट न पाहता पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावी. मुलांनीही हा लेख आपला नाही असे समजू नये. भिकबाळी पुरुषाच्याच कानाची.

ज्यांच्या घरी सोने नाही त्यांचे काय? आपल्या परंपरेतील सर्वांत हळवे अलंकार तर सोन्याचे नाहीतच. डोहाळजेवणाला गर्भवतीला फुलांची वाडी भरतात. मुकुटापासून बाजूबंदापर्यंत सगळे फुलांचे, आणि दुसऱ्या दिवशी ते कोमेजलेले. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. तिळावर थोडा थोडा पाक सोडीत, मंद आचेवर हाताने हलवीत राहिले म्हणजे दाण्याला काटा येतो. ते काम घाईचे नाही. काळ्यावर तो पांढरा काटा उठून दिसतो, थंडीच्या दिवसांत काळा रंग ऊब धरतो आणि तीळही उष्ण. ऋतू, रंग आणि पदार्थ यांचा एवढा नेमका मेळ मला दुसऱ्या कोणत्याही दागिन्यात आढळला नाही. शिवाय तो हवेच्या ओलाव्याने विरघळणार हे घालणारीला ठाऊक असते!

मात्र या अर्थाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून हा विषय संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या समाजाने फुलाला प्रेमाचा अर्थ दिला, त्यानेच नवरा गेल्यावर बाईच्या केसांतले फूल काढून घेतले. कानातल्या फुलाला एवढा अर्थ नसता तर ते काढून घेण्यालाही एवढा अर्थ आला नसता. गाथेतल्या त्या मोरपिसाची ऐटही शेवटी नवऱ्याच्या प्रेमावरच उभी आहे. तो गेला तर तिच्या कानावर काय उरणार, हे गाथा सांगत नाही. साजाच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक राज्य शासनाने काढले. ठरावाने बांगडी वाचते. गजरा माळण्यासाठी मात्र कोणीतरी तो हातात आणून द्यावा लागतो. संक्रांतीला सुनेसाठी हलव्याची माळ करताना आणखी एक माळ ओवायला पावशेर तीळसुद्धा लागत नाहीत. घरातल्या विधवा आत्याच्या गळ्यात ती कोण घालणार एवढेच ठरवायचे असते.