वर्षभराच्या फोटोंतून बारा कसे निवडावेत?

प्रश्न : यंदा कास, भीमाशंकर, भिगवण असं भरपूर फिरणं झालं. हजारो फोटो साठलेत. भिंतीवर लावायला त्यातले बारा कसे निवडू?

उत्तर : कालच्या सहलीचे फोटो आज निवडायला बसू नका. प्रवासाची धुंदी ताजी असताना प्रत्येक फोटो आवडतो. महिना जाऊ द्या. मग सगळे अगदी लहान आकारात एकत्र बघा. नखाएवढा असूनही जो नजर धरून ठेवतो, त्याची रचना पक्की असते. पक्ष्यांचे फोटो मात्र पूर्ण मोठे करून डोळा तपासाच. भिगवणच्या रोहिताचा फिकट पिवळा डोळा धूसर आला असेल, तर पंखांची गुलाबी झळाळी कितीही देखणी असो, तो फोटो बाजूला ठेवा. कासच्या तेरड्याच्या सारख्या फोटोंपैकी एकच घ्या. मी धुक्यातला घेईन, त्यात पठाराची हवा उतरते.

१२ बाय १८ इंचांच्या उत्तम प्रिंटसाठी ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तेव्हा व्हॉट्सॲपवरची प्रत नको, मूळ फाइल द्या. उरलेले फोटो पुसू नका. तारखेसह जपा, कोणतं फूल कधी फुललं, याची ती नोंद आहे.